एकशे दोनवी विहीर

"आता पानच नाई म्हणते हे. तीन दिवस झाले, रोज तेच."

रुख्माबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे मला म्हणाल्या नव्हत्या. मोबाईलला म्हणाल्या होत्या, तोंडातल्या तोंडात, तुरीच्या डाळीत खडा निघाला की डाळीला बोलतात तसं. पण बसल्या होत्या माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर, कूलरच्या वाऱ्याला पाठ देऊन. वर्ध्यात मे महिन्यात घरात कूलर एकच असला की सासू-सुनेला एकाच खोलीत दुपार काढावी लागते, आणि ज्या गोष्टी दोन खोल्यांत कधी ऐकू येत नाहीत त्या एका खोलीत येतात. मी स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "कोणतं पान, आई?" त्यांनी फोन पदराखाली घेतला. "काई नाई. गॅसचा नंबर लावून राह्यली." गॅसचा नंबर आमच्या घरी मीच लावते, गेली वीस वर्षं. समोरच्या ताटलीखाली त्यांची भाकर तशीच झाकलेली होती, कालच्यासारखी, परवासारखी. उन्हानं भूक मेली असेल असं मी दोन दिवस मानून चालले होते. आज ते मानणं, कोणीतरी हलकेच बोट लावावं तसं, जरा सरकलं.

तीन दिवसांपूर्वी मी विहिरींची वेबसाईट नव्या जागेवर हलवली होती. जुनं होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची भाड्याची जागा, बंद होणार म्हणून पत्र आलं, मी स्वस्तातलं दुसरं पाहिलं, फाईली चढवल्या, पहिलं पान उघडून पाहिलं, छान दिसलं, आणि हात झटकून आमरसाकडे वळले. ही सवय स्वतः शिकलेल्या माणसाची. दारातून घर बरं दिसलं की आत शिरून पाहत नाही. मी आधी पत्रिका टाईप करायचे, लग्नाच्या, तेरवीच्या. मग पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या, तशी मीही व्हिडिओ पाहून पाहून साईट करायला शिकले, आणि शिकल्यावर पहिली केली ती नवऱ्याची. गोपाल भूगोल शिकवायचे आणि विहिरी मोजायचे. सुटीच्या दिवशी गाडी काढून निघायचे, केळझरकडे, आंजीकडे, थेट हिंगणघाट तालुक्यात, आणि कोणाच्या तरी वावरातली, कोणाला नको झालेली, बांधीव विहीर शोधून तिची खोली, पाण्याची पातळी, दगड, पायऱ्या लिहून आणायचे. मुख्यतः मे महिन्यात. म्हणायचे, पावसाळ्यात सगळ्याच विहिरी सारख्या दिसतात, विहीर खरी मेमध्ये कळते. गाडीच्या मागच्या कॅरियरवर एक दोर असायचा, हात हात अंतरावर गाठी मारलेला, टोकाला लोखंडाचा लंगर. मोजायच्या आधी ते काठावर ओणवे होऊन आत हाक मारायचे. "ओ." मी एकदाच सोबत गेले होते. आतून तोच "ओ" परत आला, थोडा जाड होऊन, थोडा उशिरानं, आणि मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला. ते हसले. "अशी एकही विहीर नाही छाया, जी उत्तर देत नाही." मला ते आवडलं नव्हतं. उत्तर देणं वेगळं आणि आत कोणी असणं वेगळं.

सासूबाई उठून आत गेल्या आणि माझाच फोन वाजला. प्रभाकरराव. निवृत्त ओव्हरसियर, साईटचे सगळ्यात निष्ठावान आणि सगळ्यात कटकटे वाचक. "म्याडम, तुमच्या विहिरी आतून उघडते, बाहेरून नाई उघडत." मी म्हटलं, म्हणजे कसं? "पयल्या पानावरून गेलो तं सतरा नंबर दिसते. तेच पान पुन्हा ताजं केलं का गायब. जावयाले लिंक पाठोली तं थो म्हणते, मामाजी, काई नाई तिथं. माही इज्जत गेली ना." मी कपाळावर हात मारला. चूक माझी होती, आणि इतकी जुनी होती की मी ती एकदा दुरुस्त करून विसरूनही गेले होते. आमच्या साईटला खरं पान एकच. बाकीची एकशे एक पानं म्हणजे त्याच एका पानानं तुमच्यासमोर, तुमच्याच मोबाईलमध्ये, उभा केलेला देखावा. आत शिरून फिरलात तर विहीर सतरा दिसेल, विहीर नव्वद दिसेल, वर पत्ताही बदलत जाईल. पण कोणी थेट सतराचा पत्ता घेऊन सर्व्हरच्या दारात उभा राहिला, तर सर्व्हर बिचारा प्रामाणिकपणे फाईली चाळतो, सतरा नावाचं काहीच त्याच्याकडे नसतं, आणि तो नाही म्हणून सांगतो. त्याला समजावून ठेवावं लागतं. ठिपक्यानं सुरू होणाऱ्या एका लपलेल्या फाईलमध्ये चार ओळी लिहाव्या लागतात, की बाबा, जे मागितलं ती फाईल खरंच असेल तर ती दे, फोटो असेल तर फोटो दे, आणि काहीच नसेल तर नाही म्हणू नकोस, पहिलं पान दे. पुढचं ते पान बघून घेईल. पाच वर्षांपूर्वी यातली "खरंच असेल तर" ही अट मी गाळली होती आणि सगळ्या विहिरींच्या फोटोंच्या जागी पांढरे चौकोन आले होते, कारण फोटो मागितला तरी सर्व्हर पहिलं पानच देत होता. गोपाल धाकट्या भावाचं नाव घेऊन म्हणाले होते, "तुझा सर्व्हर आपल्या चंद्रभानसारखा आहे. काहीही विचारा, तो म्हणतो, आधी बसा, चहा घ्या."

आणि त्यांनीच हट्ट धरला होता की साईटवर कुठेच "असं पान नाही" अशी पाटी नको. मी म्हटलं, चुकीचा नंबर टाकला तर? ते म्हणाले, तरी नको. आंजीच्या आमच्या विहिरीवर आजीनं किती जणांना नाही म्हटलं, वरून ओंजळीत पाणी ओतलं, रहाटाला हात लावू दिला नाही, ते मी पाहिलंय. निदान या विहिरींवर कोणाला नाही म्हणायचं नाही. म्हणून मी असं करून ठेवलं की कोणताही नंबर टाका, पान उघडतं. वर तो नंबर, मधे कोरी चौकट, चौकटीत "नोंद यायची आहे", आणि खाली, त्यांच्याच सांगण्यावरून, "आज पाहणारे" आणि पुढे आकडा. मी तेव्हा गमतीनं नऊ हजार टाकून पाहिलं होतं. विहीर क्रमांक नऊ हजार, नोंद यायची आहे, आज पाहणारे एक. तो एक म्हणजे मी. तेव्हा हसू आलं होतं.

तर चार ओळी लिहायच्या होत्या, पाच मिनिटांचं काम. पण मी आधी, या तीन दिवसांत किती जणांना दारातून परत पाठवलं गेलं ते पाहावं म्हणून, नव्या सर्व्हरची नकारांची यादी उघडली. कोण आलं, कधी आलं, काय मागितलं, काय मिळालं, प्रत्येकाची एक ओळ. विहीर सतरा, नाही. विहीर चव्वेचाळीस, नाही. विहीर एकशे दोन, नाही. मी पुढे गेले आणि मागे आले. एकशे दोन. आज, काल, परवा, रोज दोनदा. एकदा सकाळी सव्वानऊच्या सुमाराला, एकदा दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. साईटवर विहिरी एकशे एक. गोपालनी शेवटची नोंद टाकली ती एकशे एकवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन अल्लीपूरकडे निघाले ते परत आलेच नाहीत. त्याला या महिन्याच्या अठ्ठावीसला चार वर्षं होतील. कूलरमधलं पाणी संपलं होतं बहुतेक, नुसता पंखा घरघरत होता आणि गरम हवा माझ्या तोंडावर येत होती. एकशे दोन हा आकडा कोणी असाच टाकणार नाही. तो फक्त अशाच माणसाला सुचेल ज्याचं मोजणं एकशे एकवर थांबलं आहे.

त्या अर्ध्या तासात मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. उठून तोंड धुतलं. टिकली बदलली. चार वर्षं मी रोज टिकली लावते, मंगळसूत्र घालते, आणि बायका हळदीकुंकवाला बोलावतात, आणि बोटाशी कुंकू धरून क्षणभर थांबतात, आणि मग लावतात. त्या क्षणाची मला सवय झाली आहे. आमच्या घरात सगळ्यालाच थोडं थांबून पुढे जायची सवय आहे. त्यांची गाडी अल्लीपूरच्या पुढे एका पळसाखाली सापडली, स्टँडवर नीट लावलेली, हँडल लॉक केलेलं, डबा अडकवलेला, वही पिशवीत. चंद्रभानभाऊजींनी जवळच्या दोन विहिरींचा उपसा करवला. काही नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं की त्यांच्यासारख्या माणसाला सेवाग्राम स्टेशनवर नागपूरच्या गाडीत बसताना पाहिलं. कोणी म्हटलं ते आजवर कळलेलं नाही, पण ते वाक्य घरात आलं आणि आम्ही त्याला पाट टाकून बसवलं. तिसरी विहीर कोणी उपसली नाही. पंधरा दिवसांत पाऊस आला आणि सगळ्या विहिरी सारख्या दिसू लागल्या. गाडी घरी आणली. दर रविवारी चंद्रभानभाऊजी येतात, गाडीवरचं कापड काढतात, किक मारतात आणि पाच मिनिटं चालू ठेवतात. "बॅटरी बसून जाईन ना वयनी. दादा आला तं म्हणन, गाडी मारून टाकली माही." मी आत चहा ठेवते. पोर्चमधून तो आवाज येतो, घर्र करून, अगदी तसाच, आणि दर रविवारी माझे पाय नकळत दाराकडे दोन पावलं टाकतात. मग थांबतात. मी साखर टाकते.

तोंड पुसून परत बसले आणि त्या ओळी नीट वाचल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्याचा नंबर असतो, कुठल्या जोडणीवरून आला त्याचा. एक वाजून दहाच्या ओळीचा नंबर मला ओळखीचा वाटला, आणि ओळखीचा का वाटतो ते कळायला वेळ लागला, आपल्याच घराचा फोटो दुसऱ्याच्या अल्बममध्ये दिसल्यासारखा. तो आमच्या घरातल्या वायफायचा नंबर होता. माझ्याच खोलीतून, माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून, रोज दुपारी एक दहाला कोणीतरी एकशे दोनवी विहीर उघडत होतं. आतल्या खोलीत सासूबाई कुशीवर वळल्या, बांगड्यांचा आवाज आला. मी जुन्या होस्टिंगवरच्या नोंदी निघताना उतरवून घेतल्या होत्या, त्या उघडल्या. चार वर्षं. पावसाळा, दिवाळी, माझी आई वारली तो दिवस. एक वाजून दहा, एक वाजून आठ, एक वाजून बारा. आमच्या नियमामुळे दर वेळी उत्तर होकाराचं गेलेलं, म्हणून मला कधी कळलंच नाही. नाही म्हटलेल्यांचीच यादी मी पाहते, हो म्हटलेल्यांची कोण पाहतं? आणि आता मला त्यांची भाकर समजली. त्या आधी पान उघडायच्या, मग जेवायच्या. खालचा आकडा बघायच्या. आज पाहणारे दोन. एक आपण, आणि दुसरा.

दुसरा सव्वानऊचा. तोही चार वर्षं, जवळजवळ रोज. खरं सांगते, सासूबाईंची ओळ सापडल्यावर माझी आशा कमी व्हायला हवी होती, ती वाढली. माय-लेकांचं ठरलेलं असणार. आधीपासूनचंच होतं ते. विहीर सापडली की काठावरूनच ते पुढच्या नंबरचा पत्ता आईला पाठवायचे, नोंद मागाहून संध्याकाळी टाकायचे. साईट मी केलेली, पण पहिली खबर आईला. मी चिडवायचेही त्यावरून. म्हणजे हा कुठेतरी बसून रोज सकाळी एकदा पान उघडतो, आकडा एक करून ठेवतो, आणि आई दुपारी त्याचा दोन करते. मी आहे. बरं, जेव. मला राग आला आणि त्याच श्वासात इतकं सुख झालं की मी टेबल धरून ठेवलं. असो, कुठेही असो, दुसरा संसार केलेला असो. मग ओळीच्या उजव्या टोकापर्यंत गेले, जिथे येणाऱ्यानं आपण कोण ते सांगितलेलं असतं, मोबाईल कोणता, ब्राउझर कोणता. तिथे एका यंत्राचं नाव होतं. जालावरची पानं तपासत रोज फेरी मारणारं परदेशी यंत्र. अशी यंत्रं लपत नाहीत, नाव सांगून येतात. सासूबाईंनी पहिल्यांदा तो पत्ता कधीतरी कुठेतरी दाबला, त्यांच्या मागोमाग याला तो कुठूनसा कळला, आणि आपण हो म्हणतोय म्हटल्यावर ते रोज येत राहिलं. नाही म्हटलं असतं तर चार दिवसांत कंटाळून सोडून दिलं असतं. मोजणीतून यंत्रं वगळायची असतात हे मला आकडा लावताना माहीत नव्हतं. शिकवायला कोणी नव्हतं, आणि मीही कुठे विचारलं नव्हतं. चार वर्षं, मोजणीसाठी मी चुकीच्या लिहिलेल्या वीस ओळींवर एक बाई जेवत होती.

मी चार ओळी लिहिल्या. फाईल चढवली. विहीर सतरा उघडली, ताजी केली, टिकली. प्रभाकररावांना कळवलं; ते म्हणाले, जावयाला परत पाठवतो आणि त्याचं तोंड पाहतो. मग मी एकशे दोन उघडली. वर नंबर, कोरी चौकट, नोंद यायची आहे. कितीतरी वेळ मी त्या चौकटीकडे बघत होते. तिला तळ नसल्यासारखी ती पांढरी होती, आणि मला वाटलं आपण जरा जास्त वाकलो आहोत, मागून सदरा धरायला कोणी नाही. मी खुर्ची मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी होकारांची यादी उघडून बसले. यंत्र आलं नाही. दहाला नाही, अकराला नाही. तीन दिवस नकार ऐकल्यावर त्यानं आमचं दार सोडलं होतं. बाहेर ऊन इतकं पांढरं की समोरच्या घराची भिंत दिसत नव्हती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी भाकरी केल्या, आंब्याचं पन्हं केलं, सासूबाईंचं ताट वाढलं. एक वाजायला आला आणि मला काय करायचं ते कळलं. लॅपटॉपवरून उघडून उपयोग नव्हता. घरातलं सगळं एकाच जोडणीवर, सासूबाई आणि मी मिळून एकच मोजल्या जाणार. मी फोनचं वायफाय बंद केलं, मोबाईलचं नेट चालू केलं, आणि न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी लावून, एकशे दोनवी विहीर उघडली. मी मनात फक्त म्हटलं, उद्याही करेन, परवाही करेन. एका माणसाचं जेवण म्हणजे काही फार नाही.

परत आले तर सासूबाई चष्मा लावून बसल्या होत्या, मोबाईल मांडीवर उताणा ठेवून. लपवला नव्हता. एक वाजून दहा झाले होते. मी ताट पुढे सरकवलं.

"जेवून घ्या वो आई. पन्हं केलं."

"दोन दाखोते," त्या म्हणाल्या.

"काय दोन?" मी विचारलं, आणि माझं मलाच ते फार बेतलेलं वाटलं.

"सकाळी पाह्यलं मी. दहाले पाह्यलं, बाराले पाह्यलं. एकच होतं. मी एकटीच होती त्या पानावर." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मंग तू मोरीत गेली फोन घेऊन. मोरीत कोणी फोन घेऊन जाते का, छाया? आन पाणी वाजलं नाई."

मी खाली बसले. कूलरचं पाणी आज भरलं होतं, वाळ्याचा वास येत होता.

"आई, तो आधीचा दुसरा..." मी सुरुवात केली.

"थो कोणी होता का नाई होता, मले काय मालूम. कोणीतरी होता. मी म्हणो, असन. चार वर्सं म्हणत राह्यली, असन." त्यांनी फोन माझ्याकडे केला. पडद्यावर जुना निरोप होता, चार वर्षांपूर्वीचा, अठ्ठावीस मे, सकाळचे अकरा चाळीस. एकशे दोनचा पत्ता, आणि खाली गोपालची एक ओळ: आई, ही कोणालेच माईत नाई, पळसापासून नाल्यानं खाली, मोठी आहे, सांजेले नोंद टाकतो.

मी ती ओळ दोनदा वाचली. पळसापासून नाल्यानं खाली. उपसलेल्या दोन्ही विहिरी वरच्या अंगाला होत्या.

"हे दाखवलं नाही तुम्ही," मी म्हटलं. "कोणालाच."

"दाखोलं असतं तं तुमी गेले असते ना तिथं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, मीठ कमी पडलं म्हणताना असतो तसा. "चंद्रभान गेला असता, मोटर लावली असती. मी म्हटलं, नको. पान उघडते तवरी उघडू द्या. मंग हे तीन दिवस नाई म्हणे, तवा पयल्या दिवशी रडली मी. दुसऱ्या दिवशी नाई रडली. तिसऱ्या दिवशी मले बरं वाटलं माय, कोणीतरी नाई तं म्हटलं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही, पण धरलाही नाही. दुसऱ्या हातानं ताट थोडं बाजूला केलं, भाकरीवर ताटली झाकली आणि माझ्याकडे पाहिलं, चार वर्षांत पहिल्यांदा, मधे न थांबता.

"गाडी आणली तवा डबा होता, वही होती, पाण्याची बाटली होती. दोर नव्हता, छाया. तुलेही दिसलं होतं, चंद्रभानलेही दिसलं होतं. रेल्वेत बसणारा माणूस दोर घेऊन जाते का? चंद्रभानले फोन लाव, मोटर घेऊन ये म्हणा. गोपाल त्या विहिरीतच हाये."